मुंबई पाहून झाल्यावर दोन दिवसांचा विसावा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मराठवाड्यातून, विदर्भातून आपला माणूस मुंबईला येतो, तो मुंबई पाहायला म्हणून येत नाही. तो चैत्यभूमीला येतो. पण आलोच आहोत तर चार ठिकाणे पाहून घ्यावीत असे त्याला वाटते आणि ते बरोबरच आहे. मग रात्रभर गाडीत उभे राहून आलेली माणसे शिवाजी पार्कच्या मांडवात तासभर पाठ टेकतात, रांगेत उभी राहतात, अभिवादन करतात, पुस्तकांच्या दुकानांतून हिंडतात. दुसऱ्या दिवशी राजगृह, परळची बी.आय.टी. चाळ, फोर्टातले सिद्धार्थ कॉलेज, गेट वे असे करत करत संध्याकाळी पुन्हा गाडी गाठतात. घरी पोचतात तेव्हा पाय सुजलेले असतात आणि सकाळी कामावर जायचे असते. आमच्या भाईंदरच्या घरी अशी पाहुणेमंडळी गेली पंचवीस वर्षे येत आहेत. त्यांची मुंबई मला पाठ झाली आहे.

त्या मुंबईला जोडून आणखी दोन दिवस काढावेत, आणि ते समुद्राकाठी, फारसे काही न पाहता काढावेत, असे मला वाचक बंधू-भगिनींना सुचवायचे आहे. ऐकायला ही चैन वाटेल. आमच्या घरीही तशीच वाटली होती.

२०२४ च्या डिसेंबरात माझी थोरली बहीण अक्का आणि दाजी जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आले होते. त्याच्या आधी दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने मोबाईलवर एका प्रवासी कंपनीची जाहिरात पाठवली होती. चार दिवस बँकॉक, पुढे तीन दिवस बेटावर. भाच्याला आई-वडिलांना बुद्धाचा देश दाखवायचा होता. पैशांचा मेळ बसला नाही, ते राहिले. पण त्या जाहिरातीतली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. बँकॉक म्हणजे गर्दी, विहार, बाजार, पायपीट. ते सगळे आधी. बेट शेवटी. धावपळ झाल्यावर माणसाला बसवायचे आणि मगच घरी पाठवायचे. पैसेवाल्यांच्या सहलीत हे शहाणपण असते. आपल्या सहलीत ते का नसावे? बँकॉकहून फुकेतच्या बेटावर जायला विमानाने सव्वा-दीड तास लागतो. भाईंदर स्टेशनाहून उत्तनला पालिकेची बस त्याहून कमी वेळात पोचवते.

उत्तन हेही बेटच, हे आमच्या शेजारपाजारच्या पुष्कळांना माहीत नसते. मुळात आपण राहतो ते सगळे साष्टी हेच बेट आहे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची. तिच्या पश्चिम अंगाला डोंगरी, उत्तन, गोराई, मनोरी ही गावे ज्या लांबट पट्टीवर वसली आहेत, तिला जुन्या कागदपत्रांत धारावी बेट म्हटले आहे. चामड्याच्या कामाची मुंबईतली धारावी ती ही नव्हे. भाईंदर पश्चिमेहून बस निघाली की मुर्धा, राई, मोरवा ही गावे लागतात, दोन्ही अंगांना मिठागरे आणि खाजण पसरते, इमारती मागे राहतात आणि मग डोंगरीचा चढ येतो. पाऊण तासापूर्वी आपण लोकलच्या गर्दीत होतो यावर विश्वास बसत नाही.

अक्काला हा बेत सांगितला तेव्हा ती आमच्या ओट्याशी भाकऱ्या थापत होती. पाहुणी म्हणून आली तरी ओटा सोडत नाही.

"समुद्रावर काय हाय?"

"काही नाही. बसायचं."

"बसायला पैसे देयाचे?" तिने परातीतला हात थांबवला. "तेवढ्यात गावच्या विहाराची फरशी झाली असती, बाई."

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्या गावचे विहार लोकवर्गणीतून उभे राहिले आहे. पत्र्याचे छप्पर होते तिथे स्लॅब पडला, पण खाली अजून कोबाच आहे. अक्का दर हंगामाला मजुरीतून काढून विहाराला देते. परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले, हे तिला शाळेत न जाता ठाऊक आहे आणि तिने ते पाळले आहे. तिला काय उत्तर द्यावे, मला सुचेना. उत्तर दिले दाजींनी. "अगं, विसावा देतोच की दर साली. आता दोन दिस विसावा घेऊ दे."

अक्का हसली नाही. मीच हसले.

पण दाजींच्या त्या बोलण्यात कायद्याचाही एक धागा आहे, तो त्यांना ठाऊक नव्हता. दाजी जालन्यात सळ्यांच्या कारखान्यात तीस वर्षे भट्टीवर होते. त्यांना वर्षाला भरपगारी रजा मिळायची. ती कुठे गेली? भावकीतली लग्ने, मयत, पेरणी, कोर्टाची एक तारीख जी आठ वर्षे चालली, आणि दर सहा डिसेंबर. विश्रांतीसाठी त्यातला एकही दिवस गेला नाही. ही रजा मालकाच्या मेहेरबानीने येत नाही. रविवारची सुट्टी गिरणी कामगाराला १८९० साली मिळाली ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. आणि वर्षाची भरपगारी रजा? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखाना कायद्यात भरपगारी रजेची दुरुस्ती त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडली. १९४५ साली ती मंजूर होऊन बारमाही कारखान्यातल्या प्रौढ कामगाराला वर्षभराच्या सलग कामानंतर दहा दिवस पगारासह रजा देण्याचे बंधन मालकावर आले. पुढल्याच साली आठवड्याचे कामाचे तास चोपन्नावरून अठ्ठेचाळीसवर आले. १९४८ च्या कारखाना कायद्यात रजेचे माप ठरले ते वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस, म्हणजे इथेही विसावाच हिस्सा.

आपण बाबासाहेबांचे संविधान सांगतो, महाड सांगतो, नाशिक सांगतो. पण कामगाराला पाठ टेकता यावी म्हणून त्यांनी कायदा केला, हे घरात मुलांना सांगितलेले मी फारसे ऐकले नाही. जो माणूस स्वतः रात्ररात्र जागून वाचत-लिहीत असे, त्याने दुसऱ्याच्या विश्रांतीची तरतूद केली.

आता यातली खरी गोष्ट. हा कायदा दाजींना लागू होता, अक्काला नाही. १९७२ च्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती, दुष्काळी कामावर तिने खडी फोडली. पुढे रोजगार हमी, मग लोकांची कापूस वेचणी, सोयाबीनची काढणी, आणि घरचे ते वेगळेच. शेतमजूर बाईला भरपगारी रजा कोण देणार? तिच्या आयुष्यात सुट्टीचा दिवस म्हणजे काम न मिळालेला दिवस, आणि तो दिवस तिला आवडूच शकत नाही. म्हणून "बसायला पैसे देयाचे?" हा तिचा प्रश्न कंजूषपणाचा नव्हता. बसणे म्हणजे नुकसान, हा तिचा सत्तर वर्षांचा अनुभव होता.

आधी मुंबई झाली. सहा तारखेला दादर. सातला राजगृह बाहेरून, मग परळची चाळ, जिथल्या दोन लहान खोल्यांत बाबासाहेबांचे कुटुंब १९१२ पासून वीस-बावीस वर्षे राहिले. आठ तारखेला रविवार होता, कान्हेरी पाहिली. सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असते, हे ध्यानात ठेवावे. शंभराहून अधिक लेणी आहेत. दाजींचे गुडघे तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापर्यंतच चालले आणि त्यांनी तिथे त्रिशरण-पंचशील घेतले, पुढे बसूनच राहिले. मी अक्काला वर नेले. जवळजवळ प्रत्येक लेण्यासमोर पाण्याचे टाके कोरलेले आहे आणि ओसरीत दगडातच बसायचा ओटा. तिने ओट्यावरून हात फिरवला. "हे बसायलाच केलंय?" "हो." ती टेकली, पण बेताने, पाहुण्याच्या घरी बसावे तशी.

तिथे मला जे सांगायचे होते ते मी तिला उतरताना सांगितले. हे लेणे रानात का? सोपारा आणि कल्याण ही त्या काळची गजबजलेली बंदरे. तिथल्या व्यापाऱ्यांनी, गृहपतींनी दाने दिली, त्यांचे शिलालेख इथे आहेत. दान बाजारातून आले, विहार मात्र बाजारापासून दूर, बेटावरच्या डोंगरात झाले. भिक्खू वर्षभर गावोगाव चालत, पावसाळ्यात वर्षावासाला एका जागी थांबत. स्वतः तथागत कुसिनाराच्या वाटेवर थकले तेव्हा एका झाडाखाली थांबले. चीवराची चौघडी करून अंथरायला आणि पाणी आणायला त्यांनी आनंदाला सांगितले. थकलो म्हणण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

अक्काने एवढेच विचारले, "उत्तनला आडनाव विचारत्यात का?"

मी थबकले. गोष्ट पन्नास वर्षांची म्हणावी इतकी जुनी नाही. भाच्याच्या शिक्षणासाठी दाजींनी एका शहरात खोली पाहिली होती. आगाऊ भाडे दिले, ट्रंक उतरवली. ट्रंकेतून बाबासाहेबांची तसबीर निघाली आणि संध्याकाळी घरमालकाने पैसे परत केले. भावाचे लग्न ठरले, खोली लागणार, असे काहीतरी सांगून. तेव्हापासून अक्का परक्या गावी मुक्काम करत नाही. पाहुण्यांकडे, नाहीतर विहारात, नाहीतर स्टेशनावर.

आपल्या लोकांच्या प्रवासाचा इतिहास हा मुक्कामाचा इतिहास आहे. १९१७ साली बडोद्याला नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, हे आपण वाचलेले असते. १९३४ ची हकीकत तेवढी सांगितली जात नाही, आणि ती तर निव्वळ सहलीची आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांना वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती. तीसेक माणसे निघाली. वाटेत त्रास नको म्हणून कार्यक्रम गुप्त ठेवला होता, ठरलेल्या मुक्कामांच्या ठिकाणीच आपल्या माणसांना कळवले होते. वाटेवर दौलताबादचा किल्ला लागला. अंगावर प्रवासाची धूळ होती. दारातल्या हौदावर काहींनी तोंड-पाय धुतले, आणि हौद बाटला म्हणून गोंधळ उठला. अखेर किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना आत सोडले. तीस माणसे, चार घटका गंमत म्हणून निघालेली! हे सगळे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. दौलताबाद आमच्या गावाहून काही फार लांब नाही. अक्काने ते वाचलेले नाही, पण तिला ते ठाऊक आहे, असेच म्हणायला हवे.

तेव्हा उत्तनची खोली मी आधी स्वतः जाऊन ठरवली. कोळीवाड्याच्या अलीकडे एका ख्रिस्ती कोळी कुटुंबाचे घर आहे, मागच्या दोन खोल्या ते पाहुण्यांना देतात. बाई साठीच्या. मी मुद्दाम आमचे पूर्ण नाव सांगितले, आडनावासकट, आणि कुठून कशासाठी आलेत तेही: चैत्यभूमीला आलेत. बाईंनी एकच चौकशी केली. "मासे खातात ना? नाहीतर मला वेगळं करावं लागेल."

नऊ तारखेला सोमवारी दुपारी आम्ही पोचलो. सोमवार निवडण्याचे कारण साधे आहे. शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी तिथे येते, दरही चढतात आणि समुद्रावर मोटारसायकली फिरतात. आमच्यासारख्यांनी आठवड्याच्या मधले दिवस पकडावेत.

उत्तन चित्रातल्यासारखे नाही, हेही सांगून टाकते. किनारा बराचसा खडकाळ आहे, होड्या आणि जाळी आहेत, भरतीबरोबर आलेले प्लास्टिक आहे. सगळ्या मीरा-भाईंदरचा कचरा धावगीच्या डोंगरावर येऊन पडतो आणि त्याच्या वासाबद्दल गावकरी वर्षानुवर्षे तक्रार करत आहेत. तो कचरा उपसणाऱ्या हातांना कसली रजा मिळते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण समुद्राकडे जाताना तो डोंगर दिसतो आणि आपण मान वळवू नये. पोहायला हा समुद्र नव्हे. गोराईची वाळू मोठी, तिथेही पाण्यात शिरण्याचे धाडस करू नये. माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. चौकच्या टेकडीवर १७३९ च्या पोर्तुगीज-पेशवे लढाईतल्या किल्ल्याची जागा आहे. पेशवाईचा विजय पाहायला आम्ही काही चढलो नाही.

अक्का पहिल्या संध्याकाळी बसली नाही ती नाहीच. जेवणे झाली तशी तिने ताटे गोळा केली. घरच्या बाई म्हणाल्या, "ठेवा तिथंच." अक्काने ती घासली. मग अंगण झाडले. मग दाजींचा शर्ट धुतला. रात्री लाटांचा आवाज येत होता, तेव्हा ती अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, "हे बंद होत न्हाई का?"

तिला त्या जागेशी ओळख झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि ती मी करून दिली नाही. आम्ही कोळीवाड्याच्या बाजूला चालत गेलो. तिथे बांबूचे मांडव घातलेले असतात, आणि त्यांवर बोंबील वाळत असतात; दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर टाकलेले, कपडे वाळत घालावेत तसे, रांगाच्या रांगा. खाली जमिनीवर जवळा पसरलेला. अक्का उभीच राहिली. आमच्या लहानपणी घरात कालवणाला काही नसायचे तेव्हा आठवडी बाजारातून आणलेली सुकट आणि बोंबील हेच आमचे कालवण. तव्यावर भाजायचे, लसूण-मिरची घालायची, भाकरीवर घ्यायचे. साऱ्या वस्तीत वास जायचा आणि गावातले लोक नाकाला पदर लावायचे. आमच्या आईने त्या बोंबलावर आम्हा पाच जणांना वाढवले. तो बोंबील असा दोरीवर जन्मतो, हे अक्काने सत्तराव्या वर्षी पाहिले.

"हे इथून आमच्याकडं येतंय?" तिने तिथल्या बाईला विचारले.

"सगळीकडे जातं. तुम्ही कुठल्या?"

मग दोघी बसल्या. बोंबील कधी धरतात, किती दिवस ऊन लागते, दव पडले तर काय, व्यापारी काय भाव देतो. एक जून ते एकतीस जुलै मासेमारी बंद असते तेव्हा घर कसे चालते, हे अक्काने विचारले, कारण काम नसलेले दिवस तिला कळतात. ती बाई म्हणाली, "सुकवलेलं विकतो, जाळी शिवतो, उसनं घेतो." अक्काने मान हलवली. तास-दीड तास गेला. अक्का वाळूत पाय पसरून बसली होती आणि आपण बसलो आहोत हे तिच्या ध्यानातही नव्हते.

दाजींना वेगळाच छंद मिळाला. घरमालकीणबाईंच्या नवऱ्याने त्यांना भरतीचा हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, आणि त्याच दिवसांत उधाण मोठे. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते. दाजी चौथीपर्यंतच शिकले, पण जुन्या शाळेतली पाऊणकी त्यांना अजून तोंडपाठ आहे. "आज दशमी. दहा पाऊण साडेसात!" संध्याकाळी ते पावणेसातपासून घड्याळ घेऊन बसले. पाणी दगडाच्या एका खुणेपर्यंत आले, थांबले, आणि दाजी असे खूश झाले की जणू समुद्र त्यांनीच वर आणला होता. भट्टीवर तीस वर्षे पाळ्यांचा भोंगा ऐकलेला माणूस. कुणाचाही भोंगा नसलेली ही पाळी त्यांना फार आवडली.

त्याच दिवशी दुपारी आम्ही गोराईच्या बाजूचा विपश्यना पगोडा पाहून आलो. बोरिवलीकडून येणारे गोराईच्या धक्क्यावरून होडीने येतात. उत्तनकडून रस्त्याने जाता येते. २००९ च्या फेब्रुवारीत त्याचे लोकार्पण झाले. आतल्या घुमटाखाली आठ हजार माणसे बसतील एवढी जागा आहे आणि मध्ये एकही खांब नाही. जोधपूरचे दगड एकमेकांत अडकवून तो उभा केला आहे. ब्रह्मदेशातल्या रंगूनच्या श्वेडगॉन पगोड्याच्या धर्तीवर तो बांधला. त्याच रंगूनला बाबासाहेब १९५४ च्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. दहा दिवसांचे शिबिर न केलेल्यांना आत बसता येत नाही, काचेतून पाहावे लागते. दाजींना ते रुचले नाही. विपश्यनेबद्दल आपल्या चळवळीत दोन मते आहेत, आमच्या घरातही आहेत: डोळे मिटून अन्याय जात नाही, असे माझ्या यजमानांचे म्हणणे. मला वाटते, उघड्या डोळ्यांनी लढणाऱ्यालाही कधी तरी डोळे मिटावे लागतात. वाद तिथेच राहिला. अक्काने बाहेरच्या सावलीत बसून पाणी प्यायले आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला पाठ दिली.

तिसऱ्या प्रहरी परत आलो तर ती अंगणातल्या बाजेवर आडवी झाली आणि झोपली. दिवसाउजेडी. मी तिला आजारपणाखेरीज दिवसा झोपलेली कधी पाहिली नव्हती. दाजी दोनदा येऊन पाहून गेले. दुसऱ्यांदा त्यांनी तिच्या पायांवर चादर टाकली आणि काही न बोलता समुद्राकडे गेले. ती साडेपाचला उठली तेव्हा गडबडून गेली. "किती वाजले? भांडी ऱ्हायली का?"

भांडी घासून झाली होती. बाईंनी चहा आणला. अक्काने तो बसल्या जागी घेतला. कपही तिने उचलून नेला नाही. बाईंनी नेला, आणि ती त्यांच्याकडे पाहत राहिली.

ज्यांना असे करायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. विसावा प्रवासाच्या शेवटी ठेवावा, सुरुवातीला नको; आधी ठेवला तर बाईमाणसाचा जीव पुढच्या धावपळीत अडकतो. दोन रात्री पुरेत. एकच रात्र ठेवली तर ती सामान लावण्यातच जाते. खोली आधी कुणीतरी जाऊन पाहावी आणि आपले नाव उघड सांगून ठरवावी. जिथे नाव सांगायला संकोच वाटेल तिथे झोप येत नाही. डबे-शिध्याची गाठोडी नेऊ नयेत, नाहीतर बाई तिथेही चुलीशीच बसेल. मराठवाड्याकडे परतणाऱ्यांनी पुन्हा मुंबईत शिरू नये. भाईंदरहून घोडबंदर रस्त्याने ठाणे गाठावे. देवगिरी एक्स्प्रेस रात्री ठाण्याला थांबते. आम्ही अकरा तारखेला तसेच केले.

पैशांचे म्हणाल तर तो वाद अजून मिटलेला नाही. ठाण्याच्या फलाटावरही अक्काने हिशेब काढला होता, दोन रात्रींत फरशीचे किती खोके आले असते. मी तो हिशेब खोडला नाही, तो बरोबर होता. भाच्याने फोनवर सांगितले की फरशीचे पैसे तो वेगळे देईल. अक्का त्याला म्हणाली, "दे. अन् हे बी मी फेडीन." कुणाचे काय फेडायचे, ते तिने सांगितले नाही. तिच्या पिशवीत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन किलो बोंबील होते आणि डब्यातले लोक नाकाला रुमाल लावू लागले होते. ती खिडकीशी सरकून बसली, पिशवी मात्र मांडीवरून खाली ठेवली नाही.

आता अधूनमधून तिचा फोन येतो. ती पौर्णिमा-अष्टमीला उपोसथ पाळते, त्यामुळे तिथी तिला ठाऊक असते. परवा अष्टमी होती. जयभीम झाला, प्रकृतीची विचारपूस झाली, पावसाचे बोलणे झाले. मग म्हणाली, "आज सहाला पाणी वर यील बघ तुमच्याकडं." मी भाईंदर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहते, माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे कपडे दिसतात. मी म्हटले, येईल. मागून दाजींचा आवाज आला, "आठ पाऊण सहा!"